बॅटरीपासून वीतभर अंतरावर

गाडीची वीज : वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये घाटात पाऊस धरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आठवड्याभरात पालटतो. एप्रिल-मेमध्ये सगळे एसी आणि उतरलेल्या बॅटऱ्यांबद्दल विचारतात. आता धुकं, रस्त्यावर उभे राहणारे गवे, खड्डे आणि जादा दिवे. या खेपेला मी दुसरं काहीच घेतलेलं नाही. दिवा बसवायला दोन नटबोल्ट पुरतात. त्याला वीज नेणारी वायर नीट टाकणं हे खरं काम. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या बाबांच्या दुकानात मी हे काम वीस वर्षं करते आहे. त्यात झालेली एक चूक माझ्याच हातून एका कुटुंबाच्या जिवावर आली होती. ती हकिकत दुसऱ्या उत्तरात आहे. घाई असेल त्यांनी बाकीचं सोडून तेवढं तरी वाचावं.

प्रश्न : ताई, माझी जुनी बोलेरो आहे. आजऱ्याहून सावंतवाडीकडे आठवड्यातून दोनदा रात्री काजूचा माल नेतो. आंबोलीत धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणलेत. वायरमन म्हणतो, हेडलाइटच्या वायरीला जोडून टाकू, दहा मिनिटांचं काम. जोडू का? (आजरा)

उत्तर : नको दादा. आधी हिशोब बघा. तुमच्या हेडलाइटचे दोन अप्पर साठ-साठ वॅटचे. १२० वॅटला १२ व्होल्टने भागलं की १० अँपियर होतात. कंपनीने वायर, स्विच आणि फ्यूज तेवढ्याच मापाने दिलेले असतात. त्यात तुमचे ११० वॅट, म्हणजे आणखी ९ अँपियर घातले की त्याच वायरीतून जवळपास दुप्पट वीज जाणार. फ्यूज उडेल, मग कोणीतरी मोठा फ्यूज घालील, आणि तापेल तो स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. आतलं प्लास्टिक वितळून अप्पर-डिप्परची दांडी अडकलेली किती तरी गाड्यांमध्ये मी पाहिली आहे. घाटात वळणावर हेडलाइटच गेले तर जादा दिव्यांचा काय उपयोग?

यासाठी रिले लागतो. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पाटाचं पाणी आपल्या घरातून जात नाही. आपण पाटकऱ्याला निरोप देतो, तो दार उचलतो, आणि पाणी पाटाने थेट शेतात जातं. रिले हा तो पाटकरी. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फक्त निरोप जातो, तोही अँपियरच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी. दिव्यांची वीज बॅटरीतून रिलेमार्गे परस्पर दिव्यांना जाते. स्विच गरम व्हायचं कारणच उरत नाही.

रिलेच्या बुडाला आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीचं प्लस येतं. ८७ मधून दिव्यांना वीज जाते. ८६ ला स्विचचा निरोप येतो आणि ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जातो. काही रिलेंना मधोमध ८७ए असा पाचवा पाय असतो. रिले बंद असताना त्याच्यावर वीज असते, म्हणून दिवा चुकूनही तिथे जोडू नका. तो पाय मोकळा ठेवून त्याच्यावर टोपी घाला. ३० किंवा ४० अँपियरचा रिले तुमच्या कामाला भरपूर झाला. आतमध्ये डायोड असलेला रिले मिळाला तर तोच घ्या. रिले बंद होताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका येतो, तो डायोड गिळतो. फक्त अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ हे उलटसुलट झालेलं चालत नाही.

आता वायर. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, आणि काम संपल्यावर तेच सर्वांत शेवटी लावा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पान्याचीच वायर होते. मायनस सुटलेलं असेल तर पाना टेकून काही होत नाही.

बॅटरीच्या प्लसपासून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, आणि वीतभर अंतराच्या आत फ्यूजचा डबा बसवा. झाकणवाला, पाणी न जाणारा. त्यात १५ अँपियरचा निळा फ्यूज. तिथून वायर रिलेच्या ३० ला, आणि ८७ पासून दोन्ही दिव्यांना. रिले पाय खाली करून उभा बसवा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. ८६ चा निरोप बारीक वायरीने आणायचा. जिथून घ्याल तिथे ५ अँपियरचा छोटा फ्यूज टाका.

निरोप कुठून घ्यायचा हे दिव्याच्या जातीवर आहे, आणि इथे बरेच जण चुकतात. तुमच्या दिव्याच्या काचेकडे बघा. उभ्या रेघा असतील आणि उजेड आडवा, पसरट पडत असेल तर तो फॉग लॅम्प. काच गुळगुळीत आणि उजेड लांब, अरुंद असेल तर तो लांब पल्ल्याचा. धुक्यासाठी तुम्हाला पहिला हवा. तो हेडलाइटच्या खाली, बंपरजवळ बसवा आणि त्याचा निरोप पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे डिप्परवरही तो चालेल. लांब पल्ल्याचा दिवा असेल तर निरोप अप्परच्या वायरीवरून घ्यायचा. समोरून गाडी आली, तुम्ही डिप्पर दिला, की हेडलाइटबरोबर जादा दिवेही आपोआप बंद. वेगळा स्विच शोधत बसलात तर तोवर समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. लांब पल्ल्याचा दिवा धुक्यात लावूच नका. पांढरी भिंत उभी राहते.

एक खबरदारी. काही गाड्यांमध्ये हेडलाइटला प्लस सतत येतं, आणि अप्पर-डिप्परचा स्विच अर्थ जोडतो-तोडतो. तिथे अप्परच्या वायरीवर प्लस शोधत बसलात तर सगळं कोड्यासारखं वाटेल. वायर कापण्याआधी मल्टीमीटर लावून बघा. तसं निघालं तर ८६ हेडलाइटच्या सामाईक प्लसला आणि ८५ अप्परच्या त्या अर्थ वायरीला जोडायचा.

अर्थ हा अर्धा दिवा आहे. रंगावर रिंग टर्मिनल कसून ठेवलं तर वीज जात नाही. रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. नव्या गाडीवाल्यांसाठी सांगते : तुमच्या बॅटरीच्या मायनसवर काळा डबीसारखा सेन्सर असेल तर जादा दिव्यांचा अर्थ थेट त्या टर्मिनलवर घेऊ नका, बॉडीवर घ्या. सेन्सरला वगळून वीज गेली की गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो.

जोड थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावरची धातूची टोपी, दाबून करा. झाळलेली वायर झाळ संपते तिथे कडक होते आणि खडखडाटात तिथेच तुटते. वर चिकटपट्टीऐवजी गरम करून आवळणारी नळी घाला. पट्टीचा डिंक बॉनेटखालच्या उष्णतेत दोन महिन्यांत पातळ होतो.

शेवटी दिव्याचा रोख. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारा. फॉग लॅम्पच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली पडली पाहिजे. मागे माल भरून गाडी बसत असेल तर माल भरूनच बघा, कारण मागचं खाली गेलं की पुढचं वर उचलतं. दिवे वीस मिनिटं चालू ठेवा आणि फ्यूजच्या डब्यापासून दिव्यापर्यंत वायरीवर हात फिरवा. कोमट चालेल. एखाद्या जागी चटका बसला तर तो जोड कच्चा आहे.

प्रश्न : माझ्या जीपला गेल्या वर्षी जादा दिवे बसवले. उन्हाळाभर काही त्रास नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून १५ चा फ्यूज सारखा उडत होता. एकाने ३० चा घालून दिला, आता उडत नाही. पण कधीकधी बॉनेटजवळ उग्र वास येतो. काळजीचं काही आहे का? (राधानगरी)

उत्तर : पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंक छापून येण्याची वाट न बघता मी या दादांना फोन केला आणि बॅटरीवरची ती वायर आधी सोडवायला सांगितली. त्यांनी ती सोडवली. आता बाकीच्यांसाठी लिहिते.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो. दिवा जळाला तर नवा मिळतो. फ्यूज असतो तो वायरीसाठी. वायर जेवढी वीज सोसू शकते त्याच्या आत फ्यूज तुटला पाहिजे, एवढंच त्याचं काम. १५ चा फ्यूज उडत होता तेव्हा तो आपलं काम चोख करत होता. कुठेतरी वायर सोललेली आहे किंवा दिव्याच्या सॉकेटमध्ये पाणी जातंय, असं तो ओरडून सांगत होता. ३० चा घातल्यावर त्याचं तोंड बंद झालं, आणि आता वायरच तापून वास सोडते आहे.

२००९ सालच्या जुलैमध्ये माझ्याकडे एक जीप आली होती. मालकाला आंबोलीकडे फिरायला जायचं होतं. शंभर वॅटचे चार दिवे, म्हणजे ३३ अँपियर. मी तेव्हा चार वर्षांची कामकरी, हात बसलाय असं मला वाटत होतं. जाड वायर घेतली, दोन रिले घेतले, आणि दोन्ही फ्यूज रिलेशेजारी, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला लावले. दिसायला नीटनेटकं, बदलायला सोपं. बॅटरीपासून तिथपर्यंत दीड मीटर वायर होती. ती रेडिएटरच्या पट्टीच्या कडेवरून गेली होती, आणि त्या कडेला मी रबर घातलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी गडहिंग्लजच्या पुढे त्या जीपच्या बॉनेटमधून धूर निघाला. खडखडाटात पत्र्याच्या कडेने वायरीचं वरचं आवरण कापलं आणि उघडं तांबं बॉडीला टेकलं. डिझेल गाडीची बॅटरी स्टार्टर मारताना दोन-तीनशे अँपियर देते. तेवढी वीज त्या वायरीतून जायला लागली आणि मध्ये फ्यूज नव्हता. दिवे बंद होते, किल्लीही बंद केली, तरी वायर जळतच राहिली, कारण ती थेट बॅटरीवर होती. मालकांनी बायकोला आणि दोन मुलांना बाहेर काढलं. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला जवळ पाना नव्हता. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने पाना दिला आणि रस्त्याकडेची ओली माती पाटीने आणून टाकली. कोणाला इजा झाली नाही. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

जीप दुकानात आणली तेव्हा बाबांनी त्या वायरीचं जळलेलं टोक माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "फ्यूज कुठे होता?"

"रिलेपाशी," मी म्हणाले.

"मग रिलेपर्यंतच्या वायरीचा राखणदार कोण?"

गाडीचं सगळं वायरिंग आम्ही पदरचे पैसे घालून नवं करून दिलं. ते टोक माझ्या टेबलासमोर खिळ्याला टांगलेलं आहे. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी ते हातात देते.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजच्या आधीची वीतभर वायर नळीत घाला, आणि पत्र्याच्या कुठल्याही भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणारे मी रोज बघते. त्यांच्याशी मी भांडते, आणि भांडत राहीन.

आता दोष शोधायचा कसा. प्रत्येक चाचणीला एक फ्यूज घालवू नका. दोन्ही दिव्यांचे सॉकेट काढून ठेवा. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि स्विच चालू करा. वायर कुठे बॉडीला टेकत असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण वीज पावणेदोन अँपियरच्या वर जाणार नाही, म्हणून काही जळणार नाही. मग बॅटरीपासून पुढे वायर हाताने हलवत जा. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो किंवा लुकलुकतो, तिथे सोललेलं आहे. बल्ब मुळीच पेटला नाही तर वायर ठीक आहे, दोष दिव्यात किंवा सॉकेटात. पावसातच फ्यूज उडतो म्हणजे बहुतेक सॉकेटात पाणी. सॉकेटकडे जाणारी वायर वरून सरळ खाली उतरत असेल तर पाणी तिच्यावरून ओघळत आत शिरतं. वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळातून गळून पडतील.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये शिकतो. घरगुती वायरिंगची वायर बाजारात सहज मिळते. ती गाडीला चालते का? आणि जाडी किती घ्यायची हे कसं ठरवतात? (सांगली)

उत्तर : तू हे विचारलंस याचा मला खूप आनंद झाला, कारण दहा वर्षं काम केलेले लोकही 'जाडसर घे' एवढंच सांगतात.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर वायरीचा रोध ०.०१७ ओहम धर. अडीचच्या वायरीचा साधारण ०.००७, पाऊणच्या वायरीचा ०.०२३. बॅटरी ते दिवा आणि दिवा ते अर्थ असा येण्याजाण्याचा रस्ता पाच मीटर धर आणि वीज ९ अँपियर. अडीचच्या वायरीत ०.३ व्होल्ट पडतो. पाऊणच्या वायरीत एक व्होल्ट पडतो. एक व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. एक व्होल्ट गेला की जवळपास पाव उजेड गेला. पुष्कळ लोक अंधुक दिवा बघून जास्त वॅटचा बल्ब घालतात. त्यांनी वायर बदलली तर जुनाच बल्ब झगझगीत पेटतो. दिवा चालू असताना मल्टीमीटरची एक टोच बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्याच्या प्लसवर ठेवून बघ. मग तसंच मायनसचं. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चांगलं झालं.

घरगुती वायरीचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनाजवळ त्याहून जास्त तापतं. गाडीच्या वायरीचं आवरण साधारण १०५ अंशांपर्यंतचं मिळतं, आणि आतल्या तारा बारीक आणि जास्त असतात, म्हणून ती थरथर सोसते. अगदीच नाइलाज असेल तर घरगुती बहुतारी वायर इंजिनापासून लांब चालेल, एकतारी मात्र अजिबात नाही.

आणि बाजारात एक फसवी वायर येते, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि थिंबलमध्ये दाबली की काही दिवसांत सैल पडते. एक तार घेऊन ब्लेडने खरवड. आत चंदेरी निघालं तर परत कर. फक्त कथिलाचा थर दिलेलं खरं तांबंही वरून चंदेरी दिसतं, म्हणून आतपर्यंत खरवडून बघ. तिथे लाल निघालं पाहिजे.

प्रश्न : थारच्या टपावर ५० इंची एलईडी बार लावायचा आहे. '३०० वॅट' लिहिलंय. मित्रांबरोबर पावसाळ्यात गोव्याच्या बाजूला ऑफ-रोडला जातो. फ्यूज किती लावू? पोलीस अडवतील का? (पुणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम सांगतो की गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने लावता येतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. दिवे लावण्यासाठी पुढे बुलबार बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलं आहे, आणि एअरबॅगवाल्या गाडीत तो धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळाच पोचवतो. म्हणून माझं स्पष्ट मत : बार घेतलाच असेल तर तो बंद मैदानात किंवा खाजगी जागेत वापरा. रस्त्यावर येताना त्याच्यावर अपारदर्शक कव्हर चढवा आणि त्याचा फ्यूज काढून खिशात ठेवा. पुणे-बंगळूर रस्त्यावर समोरून असा टपावरचा बार आला की मोटरसायकलवाल्याला रस्त्याची कड दिसत नाही. त्या मोटरसायकलवर माझा भाऊ रोज रात्रपाळीहून घरी येतो.

आता वायरिंग. खोक्यावरच्या वॅटवर फ्यूज ठरवू नका. माझ्याकडे आलेल्या '३०० वॅट'च्या एका बारने क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून अँपियर मोजणारा मीटर) ६ अँपियर दाखवले, म्हणजे ऐंशीएक वॅट. तुमचा बार थेट बॅटरीवर पाच मिनिटं लावून मोजा, आलेल्या आकड्याची सव्वा ते दीड पट फ्यूज, आणि त्या फ्यूजला पुरेल अशी वायर. एलईडी बारचा निरोप अप्परवरून घेऊ नका, त्याला वेगळा स्विच द्या. हलक्या बोटाने चालू होणार नाही असा, झाकणाचा.

टपावरून वायर खाली आणताना पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या आतून नेऊ नका. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा असलेल्या गाडीत तिथूनच एअरबॅग उघडते, आणि वायर तिच्या वाटेत येते. बाहेरून, बॉनेटच्या बिजागरीकडून आणा.

रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात पावसाळ्यात सुरू झाली, आणि तिथल्या चिखलातून आलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत. ओढ्यात बोनेटपर्यंत पाणी येतं तिथे प्रत्येक सॉकेट रबरी सीलचं हवं आणि आत सिलिकॉन ग्रीस हवं. रिले आणि फ्यूज जेवढे उंच तेवढं चांगलं. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारा विजेचा रहाट, चालवत असाल तर लक्षात ठेवा, पूर्ण ताणात विंच चारशे अँपियरच्या घरात जातो. त्या वेळी व्होल्टेज कोसळतं आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे बारमधलं वीज सांभाळणारं सर्किट, तेवढेच वॅट ओढण्यासाठी उलट जास्त अँपियर घेतो. इंजिन चालू ठेवा, नको ते दिवे बंद करा. आणि टपावरचा उजेड बॉनेटवर पडून डोळ्यांवर परत येतो. बार दोन-तीन इंच मागे सरकवा. तेवढ्यानेही फरक पडतो.

प्रश्न : हेडलाइटमध्ये १००/९० चे बल्ब घातले तर जादा दिव्यांची गरजच पडणार नाही, बरोबर? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. ६०/५५ च्या, म्हणजे अप्पर ६० आणि डिप्पर ५५ वॅटच्या, होल्डरला आणि रिफ्लेक्टरला ती उष्णता सोसत नाही. होल्डर तपकिरी पडून तडकतो, रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो, आणि सहा महिन्यांनी पहिल्यापेक्षा कमी दिसतं. आधी हेडलाइटला रिले लावून बघा.

प्रश्न : ट्रक २४ व्होल्टचा आहे. घरात १२ व्होल्टचे दोन चांगले दिवे पडून आहेत. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून वीज घेतली तर दिवे मस्त चालतात. काही तोटा? (कराड)

उत्तर : काका, दिव्यांना तोटा नाही, बॅटऱ्यांना आहे. अल्टरनेटरला दोन्ही बॅटऱ्या मिळून २८ व्होल्ट दिसतात. कोण उपाशी आणि कोण भरल्या पोटी हे त्याला कळत नाही. ज्या बॅटरीवरून तुम्ही घेता ती रिकामी राहते, आणि दुसरीला जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उकळतं. वर्षाच्या आत एक मरते, आणि लोक बॅटरीच्या दुकानदाराशी भांडतात. २४ व्होल्टचे ७० वॅटचे बल्ब मिळतात, दोन मिळून ६ अँपियरही होत नाहीत. १० चा लाल फ्यूज पुरतो. रिलेही २४ व्होल्टचाच घ्या, १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल तिथे जळून जाते. ते जुने दिवेच वापरायचे असतील तर २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर बसवा.

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो. रात्री फडात ट्रॉली भरताना उजेड लागतो, म्हणून मागे एक मोठा दिवा लावायचा आहे. वायर कशी टाकू? मुलगा करून देईल, त्याला येतं. (शिरोळ)

उत्तर : वहिनी, तुमच्या पत्राला आधी उत्तर द्यायचं ठरवलं होतं, ते शेवटी आलं. वायरिंग वर आजऱ्याच्या दादांना सांगितलं तसंच : बॅटरीजवळ फ्यूज, रिले, अडीचची वायर. ट्रॅक्टरची थरथर जास्त, म्हणून वायर दर वीतभरावर पट्टीने बांधा आणि सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवा. फडात इंजिन बंद करून दिवा तासन्‌तास चालतो, तेव्हा हॅलोजनऐवजी २० वॅटच्या आसपासचा एलईडी घ्या. पावणेदोन अँपियरमध्ये काम होतं आणि पहाटे ट्रॅक्टर ढकलावा लागत नाही.

पण हा दिवा रस्त्यावर लागलेला राहिला तर मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसतच नाही, दिसतो फक्त पांढरा झोत. त्याला वाटतं समोरून गाडी येतेय. स्विचशेजारी डॅशवर एक लाल पायलट दिवा लावायला मुलाला सांगा, दिवा चालू असेपर्यंत तो पेटत राहील. वायर रिलेच्या ८७ वरून घ्या.

आणि तो मोठा दिवा घ्यायच्या आधी ट्रॉलीचे मागचे लाल दिवे पुरे करा. हंगामात आमच्या भागात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळल्याची बातमी आली नाही असा महिना जात नाही. ट्रॉलीच्या दिव्यांची वायर ट्रॅक्टरपाशी सात पिनांच्या सॉकेटने जोडा, उघड्या तारा पिळून नको. ट्रॅक्टर सोडताना त्याच तुटतात. उसाच्या मोळ्या दिवे झाकतात, म्हणून दिवे ट्रॉलीच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यांत, बाहेरच्या टोकाला घ्या आणि दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. पट्टीला वीज लागत नाही, ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तरी ती चमकते. ट्रॉली भरून झाली की मुलाला ब्रेकवर बसवा आणि तुम्ही स्वतः पन्नास पावलं मागे चालत जाऊन बघा. दोन्ही बाजूंचा लाल दिसला, तर गाडी कारखान्याकडे सोडा.